तिसरं नाही

आमच्या ह्यांना एकदा म्हटलेलं 'नाही' पुरतं. देवव्रत गेली बावीस वर्षं इथे कतारमध्ये गॅस प्लँटवर सेफ्टी बघतात. तिथे नाही म्हणजे नाही. दुसऱ्यांदा विचारणारा माणूस त्यांच्या मते अपघाताला आमंत्रण देतो. तोच कायदा आमच्या अल अझीझियाच्या फ्लॅटमध्येही लागू आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी लाजून "साडी नको" म्हणाले होते. ती साडी अजून आलेली नाही.

तर त्या शुक्रवारी दुपारी किन्ले जेवायला आला. भूतानचा मुलगा, दोह्यात एका हॉटेलात मॅनेजर. त्यांच्याकडे धनुष्यबाण हा राष्ट्रीय खेळ. सुट्टीच्या दिवशी इथेही बाण मारता मारता त्याचा खांदा धरला आणि आमची लेक अनुष्का पडली फिजिओथेरपिस्ट. खांदा दोन आठवड्यांत बरा झाला, येणं-जाणं दोन वर्षं चालू राहिलं. आज तो लग्नाचं विचारणार हे मला ठाऊक होतं. ह्यांनाही ठाऊक होतं, आणि त्यांनी उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं.

किन्ले हिंदी छान बोलतो, सिनेमे बघून शिकलाय. त्याचं आणि ह्यांचं बोलणं हिंदीतच झालं, मी आपलं मराठीत सांगते.

मी मसालेभात वाढायला गेले, तर त्याने तोंडावर हात धरला आणि "मेशू, मेशू" म्हणत मागे सरकला.

"नको म्हणतोय तो," हे म्हणाले आणि पातेलं स्वतःकडे ओढलं.

मी भरली वांगी पुढे केली. पुन्हा हात तोंडावर.

"आसावरी, त्याला नकोय. खलास!" मग मराठीत, "आपल्या घरचं अन्न चालत नाही, मुलगी मात्र चालते."

पोराचं ताट कोरडं ठणठणीत. पण वांग्यांकडे बघून त्याने आवंढा गिळला, ते मला दिसलं. मी अनुष्काला स्वयंपाकघरात ओढलं.

"ओ गॉड, आय फरगॉट टू टेल यू!" तिने कपाळावर हात मारला. "आई, त्यांच्यात मोठ्यांच्या घरी लगेच घेत नाहीत. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिली दोन नाही म्हणजे जस्ट मॅनर्स."

"अगं, मग हा आमच्या नाशिकचाच निघाला की!" माझ्या माहेरी पाहुण्याने पहिल्या हाकेला ताट पुढे केलं, तर आत्या महिनाभर नावं ठेवायच्या.

मी गेले आणि तिसऱ्यांदा वाढलं. मग काय विचारता! चार वेळा भात घेतला पठ्ठ्याने. ठेचा तर वाटीभर घेऊन भाजीसारखा खाल्ला, कारण भूतानात मिरची ही भाजीच. घाम फुटला तो ह्यांना, नुसतं बघून.

जेवणानंतर चहा झाला. किन्ले सोफ्यावर ताठ बसला.

"अंकल, मला अनुष्काशी लग्न करायचंय. परवानगी द्याल?"

"नाही."

किन्लेचा चेहरा खुलला. त्याने अदबीने मान लववली आणि चहाचा घोट घेतला. पाच मिनिटांनी पुन्हा, "अंकल, परवानगी द्याल?"

"नाही. तू मुलगा चांगला आहेस, पण भाषा, देश, आमचं सगळंच वेगळं. नाही."

किन्लेने खुशीत बिस्कीट उचललं.

"हा हसतोय कशाला?" ह्यांनी मला विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"म्हणजे माझी दोन्ही नाही फुकट?" ते किन्लेकडे वळले. "आणि तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर?"

किन्लेने बिस्कीट बशीत ठेवलं. "ते खरं धरणार, अंकल. मग मी पुन्हा विचारणार नाही. अनुष्काशिवाय जाईन."

अनुष्का खाली मान घालून बसली होती. ह्यांचा मला मनस्वी राग येत होता आणि खोटं कशाला बोलू, कीवही येत होती. इतकी वर्षं हा माणूस उठता-बसता नाही म्हणत आला, आणि आज त्या एका शब्दावर लेकीचा संसार अडला होता. ते तिच्याकडे बघत राहिले. कपाळावरचा घाम आता मिरचीचा नव्हता.

किन्लेने श्वास घेतला. "अंकल..."

"थांब!" हे ओरडलेच. "विचारू नकोस!"

"पण तिसऱ्यांदा विचारावंच लागतं."

"अरे, कळत कसं नाही तुला? तू विचारायचास आणि सवयीने माझ्या तोंडून नाही निघून जायचं!" त्यांनी बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली. "आधी माझं हो ऐकून घे. मग हवं तितक्यांदा विचार."