उबेची जागा

"झाडं तुमची, सरकार. तुम्ही म्हणताय माफ केलं, मग त्या जज्जाच्या पोटात का दुखतंय?"

डॉर्कस पेटिफर माझ्या दिवाणखान्याच्या दारात उभी होती. चिखलाचे बूट बाहेर काढून, नुसत्या मोज्यांवर. फेब्रुवारीच्या गारठ्यात घरात जळण नाही, म्हणून तिच्या नवऱ्याने, आमोसने, माझ्या नव्या रस्त्याकडेची पाच लिंडनची झाडं तोडली. लावली होती तीही त्यानेच. मी तेव्हा लंडनला, पार्लमेंटात. कारभाऱ्याने मला न विचारता फिर्याद ठोकली आणि काल कोर्टात आमोसला फाशी सुनावली गेली.

"जज्ज मला म्हणाले, 'सर जर्व्हेस, माफी चर्चमध्ये द्या. झाड तोडणाऱ्याला फाशी, हा कायदा तुम्हीच पार्लमेंटवाल्यांनी केलाय.'"

"कायदा केला तेव्हा तुम्ही होतात तिथं?"

"होतो."

"काय बोललात मग?"

"काही नाही. बसून होतो."

"मग तुमचा काय दोष? उगाच जिवाला लावून घेऊ नका, सरकार. राजेसाहेबांना तेवढा अर्ज लिहा."

तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बसून होतो म्हणजे काय, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. पार्लमेंटात मतं मोजताना एका बाजूने उठून बाहेरच्या दालनात जायचं आणि दुसरीने जागेवर बसून राहायचं. हा कायदा आला त्या दिवशी एका भल्या माणसाने सुधारणा मांडली, की झाडांसाठी फाशी नको. तिच्या बाजूच्यांनी बाहेर जायचं होतं. मी तिच्याच बाजूचा. पण दालनात हाडं गोठवणारी थंडी होती, माझा पाय सुजलेला होता, आणि सकाळच्या प्रार्थनेला हजर राहून मी उबेची जागा पटकावली होती. उठलो की गेली. मी जरा हललो, तर शेजारच्या सर हंफ्रीने कोट ओढला.

"बसा हो! तुमच्या एका मताने काय आभाळ कोसळणार आहे?"

मी बसलो, म्हणजे माझं मत विरोधातच मोजलं गेलं. सुधारणा अकरा मतांनी पडली. मी उठलो असतो तर नऊ मतांनी पडली असती. आमोस तरीही मेलाच असता, असं मी स्वतःला समजावतो. ते खरंही आहे, पण माझी लाज त्याने तसूभरही कमी होत नाही.

अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. उत्तर आलं तेव्हा आमोसला पुरून आठ दिवस झाले होते. डॉर्कस अजून दर रविवारी चर्चच्या दाराशी मला गुडघे लववून नमस्कार करते, आणि मी टोपी सावरायचं निमित्त करून नजर चुकवतो.

सभागृहात मी आता बसत नाही. दाराशी वाऱ्यात उभा राहतो, सुजल्या पायावर.

"अहो जर्व्हेस, या की इकडे!" सर हंफ्री रोज हाक मारतो. "तुमची जागा धरून ठेवलीय."

मी नको म्हणून मान हलवतो. तो माझ्यासाठी सरकून बसतो, आणि दिवसभर ती जागा तशीच रिकामी राहते.