विल्फ्रिदोला कुणी उठवलं?

विल्फ्रिदोच्या अंगणात पार मोम्पोस शहरापासून माणसं लोटली होती. पन्नास मिनिटं काळीज बंद पडलेला माणूस झोळीत पडून चक्क शहाळं पीत होता! बाया त्याच्या मोडक्या पायाच्या प्लास्टरला हात लावून छातीवर क्रूस काढत होत्या.

"मी मंतरलेलं पाणी शिंपडलं, आणि काळीज म्हणालं, आलो मालक!" गावचा मांत्रिक ओनोफ्रेबाबा गरजला. "म्हणूनच सांगितलंय, दवाखान्याच्या गोळ्या बंद! गोळी घेतली की चमत्कार रुसतो. आणि चाळीस दिवस पाय जमिनीला लावायचा नाही. हाडात गार वारा शिरतो."

विल्फ्रिदोची बायको नुबिया कडेवरचं पोर सावरत पुढे आली. पाय मोडल्यावर याच बाबाचं ऐकून नवरा तीन आठवडे झोळीतून हलला नव्हता. मग दुसऱ्या पायाची पोटरी सुजली, श्वास कोंडला आणि दवाखान्याच्या दारातच काळीज थांबलं. आता दोन दिवस गोळ्याही बंद.

"अहो, घ्या ना गोळी."

"अगं, चमत्कार रुसला तर?"

"आणि मी रुसले तर?"

लोक हसले, विल्फ्रिदो काही हलला नाही. पण नुबियाने सकाळीच दवाखान्यात निरोप धाडला होता. डॉक्टर मारीत्सा गर्दीतून वाट काढत आल्या.

"बाबा, पाणी कुठल्या खाटेवर शिंपडलंत?"

"खिडकीजवळच्या. हिरव्या पडद्यावरून!"

"तिथे मी होते रे मेल्या!" गर्दीतली ट्रान्सितोआजी कडाडली. "पित्ताच्या खड्यांसाठी निजले होते. खडे जागच्या जागी, वर सर्दी झाली!"

हशा पिकला. बाबा खोकू लागला.

"विल्फ्रिदो दाराजवळच्या खाटेवर होता," डॉक्टर म्हणाल्या. "निजून निजून पायात रक्ताची गुठळी झाली, ती फुप्फुसात जाऊन अडकली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. पण ते म्हणजे काही मंत्राची फुंकर नव्हे, वेळ लागतो. तोवर पन्नास मिनिटं आम्ही चौघांनी आळीपाळीने छाती दाबली. फासळ्या दुखतात ना रे?"

"फार!"

"ते आमचे हात. आणि थांबलेल्या प्रत्येक काळजाला हे इंजेक्शन नाही चालत. नुबियाने दारातच सुजलेली पोटरी दाखवली, म्हणून गुठळीचा संशय आला. गोळ्या सोडल्यास तर नवी गुठळी होईल, आणि तेव्हा दवाखान्याचं दार जवळ असेलच असं नाही."

विल्फ्रिदोने बायकोकडे पाहिलं, तळहात पुढे केला आणि तिने दिलेली गोळी गिळली.

मंडळी, श्रद्धा कुणावर ठेवायची हे ज्याचं त्याने ठरवावं. पण चमत्कार दिसला की एवढं तरी विचारा: त्या वेळी तिथे आणखी कोण होतं, आणि त्यांचे हात काय करत होते?