शेजारच्या टपरीचं नशीब

गुरुबसप्पाच्या टपरीवरच्या तिकिटाला लाखाचं बक्षीस लागलं आणि मला जेवण गोड लागेना. खोटं कशाला बोलू? पोटात दुखलं.

सोलापूरच्या एसटी स्टँडसमोर राज्य लॉटरीच्या आमच्या दोन टपऱ्या, एकमेकींना खेटून. तिकिटं एकाच एजंटाकडून येतात, एकाच गठ्ठ्यातली. पण त्यानं झेंडूच्या माळा लावल्या, 'लाखाचं बक्षीस इथेच लागलं' असा फलक टांगला आणि माझी गिऱ्हाइकं तिकडं वळली. मोहोळचा असो की मंगळवेढ्याचा, माणूस बसमधून उतरला की सरळ त्याच्याकडं.

मी घसा कोरडा करून सांगायची, "अवो, सगळ्यांच्या तिकिटांचे पैसे एकत्र होतात. त्यातनंच बक्षीस, छपाई, आमचं कमिशन. उरलं ते सरकारचं. ह्यात टपरीचं नशीब कुटनं आलं?" माणसं मान डोलवायची आणि त्याच्याच रांगेत जाऊन उभी राहायची.

त्यात आमच्या धंद्याची एक रीत. किरकोळ बक्षीस कुठल्याही टपरीवर मिळतं. आम्ही ते गल्ल्यातून देतो, लागलेलं तिकीट ठेवून घेतो आणि पैसे नंतर एजंटाकडून वसूल करतो. गुरुबसप्पाचा गल्ला नवी तिकिटं उचलण्यातच रिकामा व्हायचा. मग तो गोड हसून ओरडायचा, "दुर्गाक्का, ह्यांचे तेवढे द्या की!" घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! लोक माझ्याकडून पैसे घ्यायचे आणि माझ्यादेखत त्याची तिकिटं विकत घ्यायचे.

काल मी ठरवलं, आता त्याचा शिक्का असलेलं तिकीट आलं की हाकलून द्यायचं. तेवढ्यात कुणीतरी एक तिकीट पुढं सरकवलं. मागं त्याचाच शिक्का.

"पैसे न्हाईत. जावा तिकडंच," म्हणत मी मान वर केली.

समोर आमचे हे उभे.

"पाचशे लागलेत," ते चपलांकडं बघत म्हणाले.

"घरची टपरी असताना त्याच्याकडनं घेतलं?"

"तुज्याकडनं इतकी वर्षं घेतली की गं. कवा लागलं?"

अंगाचा तिळपापड झाला. तिकीट ठेवून घेतलं आणि पाचशेची नोट त्यांच्यापुढं टाकली. ते वळले, तशी मीच हाक मारली.

"ऐका. त्याच्याकडनं माज्यासाठीबी एक आणा. कुणासाठी ते मात्र सांगू नका."