पुढचा चेहरा

"हे बघ, अजून फिरतंयच." दादासाहेबांनी मोबाइल मोनिकाच्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक पांढरं चक्र गरगरत होतं आणि त्याच्यामागे कुणाचं तरी कपाळ, भुवयांपर्यंत उमटून, तिथंच अडकलं होतं. "बिहारातल्या बाईनं ह्या चक्राकडं किती वेळ बघत बसायचं? नवऱ्याला शोधायला बसलेली असती ती. चार फोटो बघती आणि मोबाइल ठेवून देती."

"रेंज नसेल काका."

"नसणारच. ज्यांची माणसं इकडं येऊन हरवत्यात, त्यांच्या गावात कुठली आलीय रेंज?"

चाकणच्या जुन्या बाजारामागे दोन खोल्यांत दादासाहेबांची संस्था होती. सरकारी दवाखान्याच्या शवागारात तीस वर्षं मदतनीस म्हणून काम करून ते निवृत्त झाले, आणि निवृत्त झाल्यावरही तेच काम करत राहिले. रस्त्यावर गाडीने उडवलेली, रुळांशेजारी सापडलेली, भाड्याच्या खोलीत एकटीच गेलेली माणसं. खिशात कागद नाही, मोबाइल नाही. ठरलेले दिवस वाट पाहून पोलीस दादासाहेबांना बोलवायचे. ते फोटो काढून ठेवायचे, कपड्यांचं गाठोडं बांधून त्यावर नंबर घालायचे आणि मग अंत्यविधी करायचे. बेवारस हा शब्द ते कुणाला वापरू देत नसत. म्हणायचे, "अनोळखी म्हण. वारस असतोय, त्याला पत्ता लागलेला नसतो एवढंच."

आधी हे फोटो अल्बमात होते. मग पोलिसांची परवानगी काढून त्यांची वेबसाइट झाली. ती इतकी जड झाली की उघडेना, म्हणून मोनिकाला बोलावलं होतं.

मोनिका भोसरीतल्या एका लेथच्या वर्कशॉपवर, पहिल्या मजल्यावरच्या लहानशा ऑफिसात वेबसाइट बनवायची. स्प्रिंगवाले, गास्केटवाले, पत्रा कापणारे, अशी तिची गिऱ्हाइकं. वय चौतीस. पिंपरीहून बसने यायची, डबा एकटी खायची, आणि सातच्या बसने परत आईकडे जायची. वडील, ज्ञानदेव, एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये होते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी दहा फुटांवरून गाडीत चढवलं गेलं, तेवढंच मोनिकाने आणि आईने पाहिलं. "त्वांड तरी दाखवायचं," असं आई, सरूबाई, अजून, भाजी निवडता निवडता मध्येच म्हणायच्या. मोनिका भाजीची जुडी स्वतःकडे ओढायची. पण मालकाने, रणजीतसरांनी, हे संस्थेचं काम कुणी घेतंय का असं विचारलं तेव्हा तिने हात वर केला होता.

"सोपं आहे काका," ती म्हणाली. "सध्या काय होतं, तुम्ही पुढे सरकवलं की मग मोबाइल फोटो मागवायला जातो. त्यापेक्षा, तुम्ही एक फोटो बघत असतानाच मागच्या मागे पुढचे पाच आणून ठेवायचे. सरकवलं की तयार."

"म्हणजे पानातली भाजी संपायच्या आत वाढपी पातेलं घेऊन उभा."

"तसंच."

महिनाभर तिने ते काम केलं. फोटो लहान केले, पुढचे आधी आणून ठेवायची सोय केली, आणि नेट मुद्दाम मंद करून पुन्हा पुन्हा तपासलं. पहिल्या दिवशी तिने डबा तसाच परत नेला होता. आठवड्याने चेहरे दिसेनासे झाले. दिसायचे ते फक्त सेकंदांचे आकडे. आधी एका फोटोला नऊ सेकंद लागायचे, आता बोट हलायच्या आत फोटो हजर. तिने दादासाहेबांना टॅबलेटवर करून दाखवलं. सर, सर, सर, चेहरे सरकत गेले.

"झ्याक झालं," दादासाहेब म्हणाले. पण म्हणताना त्यांनी पडद्यावरून नजर काढून घेतली, हे तिला पुढे आठवलं.

गुरुवारी भोसरीला सुट्टी. त्या गुरुवारी ती संस्थेत बसली होती, कुणी आलं तर आपलं काम कसं चालतंय ते बघावं म्हणून. अकराच्या सुमाराला दोघी आल्या. खेडकडच्या एका गावच्या गवराबाई आणि त्यांची सून तेजल. तेजलचा नवरा गोरक्ष एका कंपनीत कंत्राटावर होता. कंपनीने ब्रेक देऊन कामावरून काढलं, चार महिने घरी बसला, आणि दुसरीकडे काम बघून येतो म्हणून श्रावणात जो गेला तो आठ महिने झाले तरी आला नव्हता. मोबाइलही घरीच ठेवून गेला होता. गावाकडच्या ठाण्यात हरवल्याची नोंद होती. तिथून पुढे काही हललं नव्हतं.

दादासाहेबांनी दोघींना पाणी दिलं. "सगळे बघायचे न्हाईत, आक्का. ह्याच्या वयाचे एकसष्ट हायेत, तेवढेच बघा."

"मला न्हाई बघवायचं," गवराबाई म्हणाल्या आणि खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. "तेजल, तूच बघ. मला निस्तं सांग."

मोनिकाने टॅबलेट तेजलच्या हातात दिला आणि तिच्या मागे उभी राहिली.

पहिला चेहरा आला.

"न्हाई ना गं?" भिंतीकडूनच गवराबाईंनी विचारलं.

"नाही."

दुसरा.

"न्हाई ना?"

"नाही, आई."

असं सुरू झालं. तेजलचा अंगठा सरकायचा, चेहरा यायचा, गवराबाई विचारायच्या, तेजल सांगायची. दहा-बाराजणांनंतर विचारणं थांबलं. नुसतं तेजलचं "नाही" ऐकू यायचं आणि त्यावर गवराबाईंची मान हलायची. मोनिकाचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात होतं. एकही चक्र फिरलं नाही. तिला बरं वाटलं.

तेविसाव्या फोटोला "नाही" जरा उशिरा आलं. एका श्वासाएवढंच. अंगठा मात्र थांबला नव्हता. तो आपल्या लयीत पुढे गेला आणि चोविसावा माणूस समोर आला. "नाही," तेजल म्हणाली. पंचवीस. "नाही." तिच्या मानेवर बारीक घाम आलेला मोनिकाला मागून दिसला. उन्हाळाच होता.

त्यानंतर तेजलने अडतीस अनोळखी माणसांना नाही म्हटलं. एकही सोडला नाही, एकाही ठिकाणी आवाज हलला नाही. शेवटी तिने टॅबलेट उलटा करून टेबलावर ठेवला. "नाहीत आई. यात नाहीत."

गवराबाई वळल्या. म्हाताऱ्या चेहऱ्यावर एवढा उजेड आला की मोनिकाला नीट बघवेना. त्यांनी टॅबलेटला हात जोडले, मग दादासाहेबांना, मग मोनिकालाही. "मंजे हाय माजं लेकरू. कुटं तरी कामाला लागलं आसल. रागाचा लई, त्याच्या बापावानी. यील." जाताना त्यांनी तेजलची पिशवीही स्वतःच उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेबसाइटवरच्या नंबरवर फोन आला. तो मोनिकाच्या मोबाइलला जोडलेला होता. खाली लेथ चालू होते, म्हणून ती जिन्यात जाऊन उभी राहिली.

"ताई, मी तेजल. काल आले होते ती." पाठीमागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "तो तेविसावा परत लावता येईल का? मला नीट बघायचाय."

मोनिका जिन्याच्या पायरीवर बसली. "तोच आहे का?"

"हो." आणि मग तिचा बांध फुटला, पण आवाज न करता, घरात कुणी ऐकू नये अशा बेताने ती रडत होती. "एकदम आला ओ ताई. मी आधीच्या माणसाला नाही म्हणतच होते, तेवढ्यात हे समोर. मला काही कळायच्या आत अंगठा सरकला. आई शेजारी बसलेल्या. मग थांबता येईना. थांबले असते तर त्यांना कळलं असतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "एक श्वासभर जरी वेळ मिळाला असता ना, तर मी धीर धरून बघितलं असतं. मला माझ्याच नवऱ्याला नाही म्हणायला लागलं."

फोन ठेवल्यावर ती तिथंच बसून राहिली. वर गेली तेव्हा तिने वेबसाइट उघडली आणि महिन्याभराने पहिल्यांदा एकेका माणसाकडे नीट पाहिलं.

संध्याकाळी तिने रणजीतसरांना सांगितलं, "संस्थेच्या साइटमध्ये बदल करायचाय."

"आता काय? पळतीय की ती."

"फोटो येऊन थांबला पाहिजे सर. आधी नुसती माहिती दिसेल. उंची, कपडे, कुठं सापडला, कधी. बघणाऱ्याने 'चेहरा पाहा' असं दाबलं तरच चेहरा."

"म्हणजे एवढी फास्ट केलेली साइट तू परत स्लो करणार?"

"स्लो नाही. फोटो आलेलाच असेल. बघणाऱ्याची तयारी होईपर्यंत तो मागे थांबेल एवढंच."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारायचं मनात आणलं, आणि "कर" म्हणाले.

तेजल सोमवारी एकटीच आली. तिने फोटो पाहिला, गाठोड्यातला शर्ट पाहिला, कॉलरच्या आत तिनेच घातलेली निळ्या दोऱ्याची शिवण पाहिली. तळेगावच्या बाजूला रुळांशेजारी सापडला होता तो. घर सोडल्यापासून चौथ्या दिवशी. पोलीस ठाण्यात दादासाहेब तिच्याबरोबर गेले. जबाब झाला, सही झाली. तिने अस्थींचं विचारलं तेव्हा दादासाहेबांनी नदीच्या काठाकडे हात केला आणि तिने मान हलवली.

घरी सांगायला तिला आणखी नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत गवराबाई रोज संध्याकाळी एक भाकरी जास्त थापायच्या. ते बघवेना म्हणून तिने शेवटी चुलीपुढेच सांगून टाकलं. गवराबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "तू बघितलंस. म्या न्हाई बघितलं."

म्हणून पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा आल्या. या वेळी खुर्ची वळवली नाही. टॅबलेटसमोर सरळ बसल्या, पदर डोक्यावरून घेतला, हात लुगड्याला पुसले. तेजल दाराजवळ उभी राहिली.

"वाच," त्या मोनिकाला म्हणाल्या.

मोनिकाने वाचलं. "पुरुष. वय अंदाजे तीस. उंची पाच फूट सहा इंच. अंगात चौकड्याचा शर्ट, काळी पँट. उजव्या पायात चप्पल."

"आन् डाव्या?"

"नव्हती, मावशी."

गवराबाईंनी मान हलवली. खाली बटण होतं. बोट त्याच्याजवळ नेऊन त्यांनी तसंच धरून ठेवलं. रस्त्यावरून कंपनीची बस गेली, तिच्यामागून दुसरी गेली. मग त्यांनी मान न वळवता विचारलं, "दादासाहेब, त्याचं त्वांड धुतलं व्हतं का?"

"मीच धुतलं, आक्का. कोमट पाण्यानं. मगच फोटो काढला."

"साबण?"

"लावला होता."

त्यांनी बटण दाबलं. चेहरा लगेच आला; तो कधीचाच तिथे येऊन थांबलेला होता. गवराबाई रडल्या नाहीत. थोडं पुढे वाकल्या आणि त्यांनी बोटांनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

पडदा सरकला. 'पुरुष, वय अंदाजे पस्तीस, निळा टी-शर्ट' अशी पुढची अक्षरं आली.

"कुटं ग्येला?" घाबरून त्यांनी मोनिकाकडे पाहिलं. "आगं, कुटं ग्येला त्यो?"

"आहे मावशी, इथंच आहे." मोनिकाने फोटो परत आणला. त्यांनी पुन्हा हात फिरवला आणि तो पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्यांनी हात वरच्या वर धरला, शिवायला भीत असल्यासारखा.

"द्या जरा," मोनिका म्हणाली. टॅबलेट घेऊन ती भिंतीशी गेली. साइट बंद केली आणि तो एकच फोटो वेगळा काढून उघडला. त्याच्या आधी कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं. तिने टॅबलेट आणून गवराबाईंच्या मांडीवर ठेवला. "आता लावा हात. नाही हलणार."

गवराबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूहळू पुसत आणलं. मग कानामागे. तेजल दारातून आत आली आणि त्यांच्या पायाशी बसली.

"दाढीबी केली न्हवतीस रं," गवराबाई म्हणाल्या, आणि पुन्हा कपाळापासून सुरुवात केली.