अळणी पातेलं

आमच्या घरात राग आला की माणूस भांडी आपटतो, आणि सगळ्यांत जास्त मी आपटते. त्या दिवशी मी डाव असा आपटला की त्याचा दांडाच वाकला. कारण दादा जेवता जेवता, पाणी मागावं इतक्या सहज म्हणाला, "चिल्लरला गोदामवाल्याला देऊन टाकू."

चिल्लर म्हणजे माझा कुत्रा. नावावर जाऊ नका. मागच्या दारात सापडला तेव्हा ओंजळीत मावत होता, म्हणून ते नाव पडलं. आता मागच्या पायांवर उभा राहिला की दादाच्या खांद्याला लागतो. कारखान्याच्या फाटकासमोर आमची खानावळ आहे. खाली चुली आणि बाकं, वर राहायच्या खोल्या. दादा गल्ल्यावर, आणि दादाची बायको, त्याची सून आणि मी अशा तिघी चुलीपाशी. नवरा गेल्यावर मी एका पेटीनिशी इथं परत आले. खोल्या दादाच्या, भांडी दादाची, डोक्यावर फिरतो तो पंखासुद्धा दादाचा. माझं म्हणावं असं एकच आहे आणि ते मागच्या पायरीवर शेपूट हलवत बसलेलं असतं.

"का बरं? त्यानं तुझं काय घोडं मारलंय?" मी विचारलं.

"कारखान्याची एक पाळी बंद झाली. निम्मी बाकं रिकामी आहेत, दिसत नाही तुला? आणि याच्या खाण्याची पिशवी माझ्या चपलांपेक्षा महाग! गोदामवाला म्हणतो, गोदामाच्या फाटकाशी राखणीला बांधीन, उरलंसुरलं घालीन."

"बांधीन म्हणजे? साखळीनं?"

"मग काय, रेशमी दोरीनं?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! चिल्लरच्या गळ्यात आजवर साधा पट्टा नाही. उन्हातान्हात, पावसापाण्यात फाटकाला बांधलेला तो मला डोळ्यांपुढे दिसला आणि तोंडाला येईल ते मी बोलले. "आज कुत्रा परवडत नाही, उद्या बहीण परवडणार नाही. तिलाही आणून बांधशील का फाटकाशी?"

वहिनीच्या हातातला घास हातातच राहिला. दादा म्हणाला, "तोंड सांभाळ."

"सांभाळते. तू महिनाअखेरपर्यंत थांब. या पिशवीच्या निम्म्या खर्चात मी त्याला धडधाकट ठेवून दाखवते. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून ठीक म्हटलं, तर हा इथंच राहील. नाही म्हटलं, तर मी स्वतः नेऊन बांधते, जा!"

शेवटचं वाक्य नको ते बोलून गेले. पण शब्द मागे घेईन तर ती मी कसली!

दुसऱ्याच दिवशी कुत्र्यामांजरांच्या वस्तूंच्या दुकानात गेले. दुकानदार गोड बोलणारा. मी स्वस्तातलं काही आहे का विचारलं, तर त्यानं सगळ्यांत वरच्या फळीवरची पिशवी काढली. तिच्यावर बर्फाळ डोंगर आणि त्यापुढे ऐटीत उभा असलेला लांडगा.

"बाई, कुत्रा म्हणजे मुळात लांडगाच. त्याला असलंच लागतं."

"आमचा लांडगा झुरळाला घाबरतो. खालची दाखवा."

मी दोन्ही पिशव्या उलट्या करून मागचं बारीक अक्षर वाचत बसले. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. दुकानदार जांभया द्यायला लागला. पुढे डोंगर असो नाहीतर नुसता पिवळा कागद, मागे साधारण तेच लिहिलं होतं. मोठ्या कुत्र्याला पूर्ण आहार, एवढी प्रथिनं, एवढी चरबी. मग डोंगराचे पैसे मी का भरायचे? पिवळी पिशवी घेतली आणि तीच उचलून थेट डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई चिल्लरला लहानपणापासून ओळखतात, आणि सगळ्या गल्लीसारखं मला आत्याच म्हणतात. त्यांनी पिशवी पाहिली आणि म्हणाल्या, "ही चालेल. आणि आत्या, हवं तर निम्मं हे द्या, निम्मं घरचं शिजवा. भात, अंडं, कोंबडीची कलेजी थोडीशी, भोपळा, गाजर. खानावळ तुमची, ताज्या भाज्यांच्या साली-तुकड्यांची काय कमी आहे? पण मीठ नको आणि कांदा-लसूण तर मुळीच नको. कांदा त्याला विष आहे. आणि शिजलेली हाडं घालू नका."

"एवढंच ना?" मी म्हटलं. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

त्या दिवसापासून सकाळी चुलीवर एक पातेलं चिल्लरचं असायचं. मोडका तांदूळ, खाटकाकडची कलेजी, भाजीवालीनं आकार बिघडलेला म्हणून स्वस्तात दिलेला भोपळा. शिजलं की मी ते कामगारांच्या पातेल्यांच्या रांगेत टोकाला गार करायला ठेवायचे आणि दुपारची गर्दी ओसरली की त्याच्या थाळीत वाढायचे. पहिल्या दिवशी तो थाळी चाटून झाल्यावर फरशीसुद्धा चाटत बसला. दादा गल्ल्यावरून तिरक्या डोळ्यांनी बघत होता. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "पोट भरलं का रे, लांडग्या?"

आणि मग सगळं बिघडायला लागलं.

आधी चिल्लर पाणी फार प्यायला लागला. बादलीत तोंड घालायचा ते काढायचाच नाही. मग घरात ओलं करू लागला, जे त्यानं पिल्लू असतानाही केलं नव्हतं. मग उलट्या झाल्या. माझा पायरव ऐकून दारापर्यंत धावणारा तो, नुसती एक भुवई उचलायचा आणि पडून राहायचा. मी त्याच्या हिरड्या पाहिल्या, तर पांढुरक्या दिसल्या. तेव्हा मी घाबरले, खरंच घाबरले. पदर तोंडाशी धरून मोरीत जाऊन रडले आणि चूळ भरून बाहेर आले. दादाच्या पुढे रडणार नव्हते.

दादानं पाहिलंच होतं. "सांगितलं होतं," एवढंच म्हणाला. "रविवारी गोदामवाला येतोय."

डॉक्टरीणबाईंनी चिल्लरला तपासलं, रक्त काढून भिंगाखाली पाहिलं, सुई दिली. मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "मीठ घालता?"

"नाही हो!"

"कांदा?"

"शपथ घेऊन सांगते, नाही."

"आत्या, त्याच्या पोटात कांदा जातोय. कुठून तरी जातोय. तो थांबला तर हा उठून बसेल. नाही थांबला तर माझ्याही हातात काही नाही."

शेजारीपाजारी कुणी काही टाकतं का म्हणून मी घरी येईपर्यंत सगळ्या गल्लीवर संशय घेतला. घरी आले आणि रांगेच्या टोकाचं पातेलं समोर दिसलं. माझ्या लक्षात आलं की हे पातेलं मी एकदाही चाखलं नव्हतं. अख्खा जन्म चाखण्यात गेलाय, पण कुत्र्याचं कोण चाखतं? बोट बुडवून जिभेवर ठेवलं. खारट! दाढेखाली करकरीत काहीतरी आलं. तळलेला कांदा!

रक्त उसळलं. पण मी डाव उचलला नाही, भांडं आपटलं नाही. तोंडाला कुलूप लावलं. पातेलं ओतून टाकलं, चिल्लरला निराळा भात शिजवून माझ्या हातानं भरवला आणि गोदामवाल्यादेखतच चोर पकडायचा म्हणून रविवारची वाट पाहिली.

रविवारी सकाळी चिल्लरचं पातेलं शिजवलं, चाखलं, ते अळणी आहे याची खात्री केली. रांगेत टोकाला ठेवलं आणि तांदळाच्या पोत्यांमागे बटाटे सोलत बसले. बाहेर गोदामवाला येऊन बाकावर टेकला होता. त्याच्या मांडीवर साखळी होती.

आमच्या खानावळीची एक रीत आहे, वडिलांनी घालून दिलेली. पातेल्यापाशी जो जाईल त्यानं चाखायचं आणि कमी असेल ते घालायचं. विचारत बसायचं नाही. त्यामुळे आमच्याकडचा रस्सा कधी फसला नाही.

वहिनी आली. एकीकडे सुनेशी बोलत होती, डाव्या हातानं एकेका पातेल्यातला थेंब तळव्यावर घेऊन चाटत होती. टोकाला पोचली, चाटलं, नाक मुरडलं आणि बोलणं न थांबवता मिठाची चिमूट सोडून पुढे गेली. मागून सून आली. तिनंही चाखलं, "बिचारा, रोज कसलं फिकं खातो!" असं पुटपुटली आणि तिनं आणखी एक चिमूट सोडली. मी पोत्यांमागे ओठ चावत बसले.

मग आला दादा. हातात तळलेल्या कांद्याचं ताट. प्रत्येक रश्शावर मूठ मूठ पसरत आला. टोकाच्या पातेल्यात चमचा घातला, चाखलं, मान हलवली आणि कांद्यात मूठ घातली.

मी उठून त्याचं मनगट धरलं.

"कुणाचं पातेलं आहे हे?"

"आ? अगं, चिल्लरचं," दादा दचकून म्हणाला. "सोड हात."

"ठाऊक आहे तुला! ठाऊक असून घालतोस?"

"मग काय झालं? कांद्याशिवाय चव येते का कशाला? मी रोज घालतो. वाटलं, शेवटचे दिवस आहेत इथले, चांगलंचुंगलं खाऊ दे." बोलता बोलता त्याला चेव आला. "माझ्या चुलीवरून कुणाच्याही पुढे बेचव जाणार नाही. बाबांच्या वेळेपासून गेलं नाही."

"कुणाच्याही?"

"कुणाच्याही! इथं जो जेवतो तो आपला माणूस."

"ऐकलंत?" मी बाहेरच्या बाकाकडे तोंड करून ओरडले. "गोदामवाले, ऐकलंत का? चिल्लर आमचा माणूस आहे. आमच्या माणसांना आम्ही साखळी घालत नाही. चहा घ्या आणि या आता!"

"अगं, पण..." दादा म्हणाला.

"पण नाही आणि बिण नाही. कांदा त्याला विष आहे, दादा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तुम्ही तिघांनी मिळून माया करकरून त्याला मारत आणलंय." माझा आवाज फाटला. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं तिथंच, चुलीसमोर, सगळ्यांदेखत बाहेर आलं. "तो आजारी पडला तो पिशवी स्वस्त आहे म्हणून नाही, मला जमत नाही म्हणून नाही. माझं एवढं एकच आहे रे या घरात!"

दादानं मूठ उघडली. कांदा ताटात पडला. वहिनीनं पदरानं डोळे टिपले, सून भिंतीला चिकटून उभी राहिली. बाहेर साखळीचा आवाज झाला आणि दूर गेला. चहा त्यानं घेतला नाही.

मी ते पातेलं ओतलं आणि नवीन चढवलं. भात, अंडं, भोपळा. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक थाळी चिल्लरपुढे ठेवली आणि त्याच पातेल्यातलं एक ताट वाढून दादापुढे.

"हे काय?"

"जेव. आपल्या माणसाचं जेवण आहे. चालतं का बघ."

दादानं एक घास घेतला. तोंड वाकडं झालं. हात सवयीनं मिठाच्या डब्याकडे गेला, झाकण निघालंसुद्धा. पायरीवर चिल्लर हळूहळू खात होता, मध्येच थांबून दम घेत होता. दादा त्याच्याकडे बघत राहिला.

मग त्यानं झाकण परत लावलं, डबा माझ्याकडे सरकवला आणि मान खाली घालून ताट संपवलं.