मनाईची नोंद ठेवणारा मी

मित्रांनो, मी एक जुना डेटाबेस आहे. म्हणजे माहिती नीट लावून ठेवणारी व्यवस्था. मला चेहरा नाही, पण स्वभाव आहे, आणि तो संशयी आहे. कोणी म्हणालं, "हिची आणि तिची मैत्री नोंदव," की मी आधी पाहतो, ही खरंच आहे का, ती खरंच आहे का. खात्री पटली नाही तर नोंद सरळ परत पाठवतो.

मला ताईने घडवलं. शिवणकाम, विणकाम, भरतकाम करणाऱ्यांनी एकमेकांना भेटावं म्हणून तिने एक सोशल नेटवर्क काढलं होतं. जिन्याखालच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि सतत घुमणारा पंखा, एवढाच पसारा होता. लोकांच्या फोनमधलं ॲप एका खिडकीतून मला प्रश्न विचारायचं. त्या खिडकीला एपीआय म्हणतात. कोण कोणाची मैत्रीण, कोणी काय लिहिलं, हे सगळं मी सांगायचो. आणखी एक यादी माझ्याकडे होती, मनाईची. "या माणसाला माझं काही दिसू नये," असं कोणी सांगितलं की त्याचं नाव तिच्यात जायचं.

"हा हळू आहे, पण एकदाही चुकीचं बोललेला नाही," असं ताई पाहुण्यांना सांगायची. मला ते फार आवडायचं.

मग माणसं वाढली. अकरा हजारांची तीन लाख झाली. सकाळी दहाला प्रश्नांची अशी झुंबड उडायची की उत्तर देता देता मला धाप लागायची आणि लोकांच्या फोनवर नुसतं चक्र फिरत राहायचं. तेव्हा ताईचा मामेभाऊ एक नवा डेटाबेस घेऊन आला. या मामेभावाला सगळे सुसाट म्हणत, कारण तो जिनासुद्धा कधी एकेक पायरी चढला नाही.

नवा एकटा नव्हता. तो तीन यंत्रांवर पसरलेला होता आणि तिन्हींकडे सगळ्याची नक्कल होती. प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर तयार. मला तो पहिल्या दिवसापासून खटकला. तिघांपैकी एकाला बातमी उशिरा कळली तर? पण मित्रांनो, मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि हे मला कोणी विचारलं नाही.

महिनाभर चाचणी ठरली. नोंदी दोघांकडे जायच्या. पाचातल्या एका प्रश्नाचं उत्तर नवा देणार आणि जो बरा ठरेल तो राहणार. सुसाट रोज वेळा मोजायचा आणि खूश व्हायचा. माझं नाव हळूहळू "ते जुनं" असं पडलं.

तिसऱ्या आठवड्यात मावशींचा फोन वाजला. मावशी म्हणजे आमच्याकडे लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या बाई. पलीकडे एक शिवणशिक्षिका होती.

"मी माझ्या आधीच्या नवऱ्याला मनाई केली होती," ती म्हणाली. "तोवर तो माझ्या मैत्रीच्या यादीत होता. नव्या वर्गाचा पत्ता मी त्यानंतर लिहिला, तोही फक्त त्या यादीसाठी. तरी तो आज वर्गासमोर उभा होता. त्याला कोणी सांगितलं?"

"तुम्हाला कोणाचा संशय आहे का?" मावशींनी विचारलं.

"पत्ता तोंडी फक्त एका मैत्रिणीला सांगितला होता," ती म्हणाली.

खोलीतही संशय सुरू झाला. "जुन्याचंच काम हे. त्याच्या नोंदी बिघडल्यात," सुसाट म्हणाला. ताईने माझं पान उघडलं. मनाई दहा वाजून चौदा मिनिटं सहा सेकंदांनी, पत्ता तीस सेकंदांनंतर. सगळं चोख. तरी तिने ते तीनदा तपासलं. तीही माझ्याकडे संशयाने पाहत होती, हे मला लागलं. मी मात्र नव्यावर डोळे लावून होतो. हाच खोटं बोलतो, अशी माझी खात्री होती.

शेवटी आठव्या दिवशी ताई आणि सुसाट दोन फोन घेऊन समोरासमोर बसले. तिने त्याला मनाई करायची, लगेच काहीतरी लिहायचं आणि विचारायचं, "दिसलं?"

"नाही."

बावीस वेळा नाही. सुसाट हसायला लागला होता. तेविसाव्या वेळी त्याने फोन टेबलावर तिच्याकडे सरकवला.

"दिसलं," तो म्हणाला.

तिसऱ्या यंत्राकडे लिहिलेलं आधी पोहोचलं होतं आणि मनाई मागाहून, जवळजवळ एका मिनिटाने. शिक्षिकेच्या वेळीही असंच झालं होतं, आणि त्या मिनिटभरात तिच्या आधीच्या नवऱ्याला पत्ता दिसला होता.

सुसाटने शिक्षिकेला स्वतः फोन लावला. "बाई, चूक आमची आहे. तुमच्या मैत्रिणीने काही सांगितलेलं नाही."

ती म्हणाली, "आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाहीये. तिने दोनदा दार वाजवलं, मी उघडलं नाही." आणि तिने फोन ठेवला.

त्या दुपारी निर्णय झाला. मैत्री, मनाई आणि कोणाला काय दाखवायचं हे माझ्याकडे राहिलं. फोटो आणि शाबासक्यांचे, म्हणजे लाइकचे, आकडे नव्याकडे गेले, कारण ते मिनिटभर उशिरा कळले तर कोणाचं काही बिघडत नाही. सुसाटने नव्याची माहितीपुस्तिका पहिल्यांदाच पूर्ण वाचली. तिन्ही यंत्रांना बातमी पोहोचल्याची खात्री होईपर्यंत थांब, असं नव्याला सांगता येत होतं. त्याला तसं कोणी सांगितलंच नव्हतं. तो खोटं बोलला नव्हता. मीसुद्धा चुकीच्या जागी बोट दाखवत होतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही असं काही बांधाल. निवड करताना आमच्यातला कोण भराभर बोलतो, हे जरूर मोजा. पण आमचं उत्तर शिळं निघालं तर ते कोणाला भोवेल, हे त्याआधी विचारा. आम्हाला आपणहून सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात शिक्षिकेचं पत्र आलं. माझं सगळं पुसून टाका, एवढंच त्यात होतं. ताईने माझ्यातून तिच्या नोंदी काढल्या, मग नव्याच्या तिन्ही यंत्रांतून, आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा शोधून पाहिलं. ही हकिकत तेवढी मावशींच्या तक्रारवहीत उरली आहे, नावाशिवाय. ती बाई कोण, कुठे राहते, तिचं मैत्रिणीशी जुळलं का, हे तुम्ही मला विचाराल तर मला सांगता येणार नाही. तिच्या आधीच्या नवऱ्याच्या माणसांनी येऊन विचारलं, तरी नाही.