डोळ्यांचा आवाज

दुपारी पावणेचारला त्या ओळीखाली पहिलं उत्तर आलं. एकच शब्द होता: मलाही.

मुद्रितशोधक बाईंनी तो वाचला. वाचताना डोळे सरकले, तसा डाव्या कानात तो आवाज झालाच. लाकडावर पॉलिशपेपर घासावा तसा. वर्षभर हेच चाललं होतं. बुबुळ हललं की खरखर. दिवसभर ओळींमागून ओळी वाचून पोट भरणाऱ्या माणसाला याहून वाईट दुखणं ते काय जडणार?

कानाच्या डॉक्टरांनी आधी "कान ठणठणीत आहेत" म्हटलं, मग मनोविकारतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी दिली. नवरा इलेक्ट्रिशियन. त्याने सुरुवातीला थट्टा केली, "डोळ्यांत तेल घालून काम करतेस ना, मग कुरकुरतात कसे?" चिठ्ठी पाहिल्यापासून मात्र तो जपून बोलायला लागला. बाईंना तेच जास्त लागलं. आपलं डोकं ठिकाणावर आहे ना, हे त्या आता स्वतःलाच विचारू लागल्या होत्या.

त्याच सुमारास त्यांच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर प्रत्येक लेखाखाली वाचकांना आपलं म्हणणं लिहायला चौकट सुरू झाली. बाईंना ते पटलं नव्हतं. त्यांच्या लेखी पान छापलं की त्याला कुलूप.

"कोणीही उठून आपल्या पानात लिहील," त्या म्हणाल्या.

"लिहू दे की," संपादक म्हणाले. "आजवर आपण बोलायचो, लोक ऐकायचे. आता ते आपसात बोलतील, आपण ऐकू." आणि आलेला मजकूर तपासून पुढे सोडायचं काम बाईंच्याच गळ्यात घातलं.

कानाच्या विकारांवरच्या एका जुन्या लेखाखाली त्यांनी एका संध्याकाळी घरून, टोपणनावाने लिहिलं: 'माझे डोळे हलतात ते मला ऐकू येतं. आणखी कोणाला येतं का?' सकाळी ती ओळ तपासणीसाठी त्यांच्याच पडद्यावर हजर.

शेजारून उपसंपादक डोकावला. "कुणाचा तरी स्क्रू ढिला दिसतोय, ताई. उडवा."

बाईंचा हात माऊसवर थांबला. उडवली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता.

"शिवी नाही, जाहिरात नाही," त्या म्हणाल्या. "नियमात बसतं."

"तुम्ही आणि तुमचे नियम!"

त्यांनी ओळ सोडली. आणि दुपारी ते 'मलाही' आलं.

मग येतच राहिलं. जहाजावरच्या एका आचाऱ्याला स्वतःची पावलं कवटीत घुमताना ऐकू यायची. गाणं शिकवणाऱ्या एकीला वरचा सूर लावला की जमीन झुलायची. कुठल्याशा दूरच्या शहरातून एकाने लिहिलं, की त्याच्या कानाच्या आतल्या हाडाला बारीक भोक होतं, खास प्रकारच्या स्कॅनमध्ये ते दिसलं आणि ऑपरेशननंतर आवाज थांबला. आचाऱ्याने त्याला प्रश्न विचारले, उत्तर गाणाऱ्या बाईंनी दिलं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं! लेख लिहिणारा केव्हाच लिहून मोकळा झाला होता, आणि खालचा मजकूर आता लेखाहून लांब झाला होता. पान वाढत होतं, झाड वाढावं तसं. बाई बघत राहिल्या. कानात खरखर चालूच होती, पण तिची भीती वाटेना.

घरी नवऱ्याने खिशात टेस्टर तसाच ठेवून, उभ्याउभ्याच सगळं वाचलं.

"म्हणजे आत कुठेतरी वायर उघडी पडलीय," तो म्हणाला. मग हळूच, "आणि मी काय काय समजत बसलो गं."

"आधी जेवा," बाई म्हणाल्या.

बाईंनी छापून नेलेले कागद कानाच्या डॉक्टरांनी दोनदा वाचले. "असा रुग्ण मी पाहिलेला नाही," ते म्हणाले. "पण स्कॅन करू."

स्कॅन काल झाला. अहवाल अजून आलेला नाही. आज सकाळी बाईंच्या पडद्यावर नवी ओळ आली: 'मला वाटायचं, मी एकटाच.' बाईंनी ती पुढे सोडली आणि तिच्याखाली, टोपणनाव न घेता, लिहायला सुरुवात केली.